शेवटचे दोन आकडे

मिरजगावच्या बाजारतळाजवळ ज्या दोन खोल्यांत डॉक्टर रामहरींची पशुसेवा सतरा वर्षं चालली, ती जागा मालकाला गाळे बांधायला हवी होती. दिवाळीतच त्यानं तसं सांगितलं आणि मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली. डॉक्टरांनी फारशी कुरकुर केली नाही. गावाबाहेर चार किलोमीटरवर, हायवेला लागून, एक पत्र्याचं शेड आणि शेजारी एक पक्की खोली भाड्यानं मिळत होती. गाड्या लावायला जागा होती, बोअरला पाणी होतं. करार झाला त्या दिवशी त्यांनी मोनिकाला बोलावलं आणि म्हणाले, "शिफ्टिंगचं सगळं तू बघ. मला फक्त तारीख सांग."

मोनिका तिथं आठ वर्षं होती. फोन घेणं हे तिचं मुख्य काम. शेतकऱ्याचा फोन यायचा, गाय माजावर आलीय. मोनिका गाव, नाव आणि माज कधी दिसला ते लिहून घ्यायची आणि कामावरच्या तीन मुलांपैकी जो जवळ असेल त्याला तिकडं पाठवायची. तो मोटारसायकलला बांधलेल्या नायट्रोजनच्या छोट्या कंटेनरमधून गोठवलेल्या रेताची कांडी काढून गाय भरायचा. हे काम वेळेचं. माज एखाद दिवस टिकतो. तो हुकला की पुढचे एकवीस दिवस थांबायचं, आणि तेवढंच पुढचं वेतही लांबायचं. त्यामुळे फोन दोनदा वाजायच्या आत उचलायचा, ही मोनिकाची सवय झाली होती. जेवतानाही ती रिसीव्हर डाव्या हाताशी ठेवायची.

तिनं शंभर पानी वही घेतली आणि काय काय हलवायचं ते लिहायला बसली. औषधाच्या परवान्यावरचा पत्ता. लाइटचं मीटर. नायट्रोजन आणणाऱ्या गाडीला नवा रस्ता सांगणं. लसींचा फ्रीज, तो हलवायच्या दिवशी लसी कुठं ठेवायच्या. पन्नास लिटरचे दोन मोठे कंटेनर, त्यात हजारो कांड्या. ते आडवे होता कामा नयेत, आदल्या दिवशी नायट्रोजननं काठोकाठ भरून घ्यायचे, पिकअपमध्ये उभे बांधायचे. गावनिहाय रजिस्टरं. कपाट, दोन टेबलं, बोर्ड. सहाव्या पानावर तिनं लिहिलं, फोन.

फोन सतरा वर्षांपूर्वीचाच होता, तारेचा. चौकशी केल्यावर कळलं की नव्या जागेपर्यंत लाइन जात नाही. डॉक्टर म्हणाले, "मग मोबाईल घेऊ. आता तारेचा फोन ठेवतंय कोण?" नवीन सिम आलं. नंबर लक्षात ठेवायला बरा होता, शेवटी नऊ आणि एक. एक महिना दोन्ही फोन चालू ठेवायचे आणि जुन्यावर जो फोन करेल त्याला नवा नंबर सांगायचा, असं ठरलं.

तेव्हा सहादेव बोलला. तिघा मुलांत तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी बोलणारा. "आन भिंतींचं?" तो म्हणाला.

भिंतींचा विचार कुणी केलाच नव्हता. धंदा सुरू केला तेव्हा डॉक्टरांनी गावोगाव भिंतींवर जाहिरात रंगवून घेतली होती. पांढऱ्या चौकोनात निळी अक्षरं, एका कोपऱ्यात लाल गाय, आणि खाली हातभर उंचीचा फोन नंबर. कुठं शाळेच्या कंपाउंडला, कुठं दूध संकलनाच्या खोलीला, कुठं एखाद्याच्या गोठ्याला. मोबाईलमध्ये नंबर साठवून ठेवणारे पुष्कळ होते, पण न साठवणारेही तितकेच होते. घरातली बाई, म्हातारं माणूस, शेतावरचा गडी, यांना गाय रेकायला लागली की भिंत आठवायची. सहादेवनं बोटं मोजत गावं सांगितली. तेहेतीस भिंती भरल्या.

"फ्लेक्स लावू," डॉक्टर म्हणाले.

"उन्हाळ्याच्या वाऱ्यात फ्लेक्स ऱ्हाईल का?" सहादेव म्हणाला.

मग बन्सी पेंटरला निरोप गेला. मूळ भिंती त्यानंच रंगवल्या होत्या. आता त्याचं वय साठीच्या पुढं गेलं होतं आणि फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडं देवळाच्या पायरीवरची नावं आणि शाळेतली सुविचारांची कामं तेवढी उरली होती. तो सायकलवर आला, चहा घेतला, नवा पत्ता आणि नंबर ऐकला आणि विचारलं, "गाय तीच ठेवायची का? आता समद्यांकडं काळ्यापांढऱ्या गाया हायेत."

डॉक्टरांनी लाल गाय तशीच ठेवायला सांगितली. तेवढा वेळ वाचेल.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोनिका आणि बन्सी निघाले. मोनिकाची स्कूटी, मागं बन्सी, त्याच्या मांडीवर रंगाचे डबे, आणि पायाशी चुन्याची बादली. ज्वारीची काढणी चालू होती, त्यामुळे गावात माणूस सापडणं अवघड. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं तर कुलपात. भिंत ज्याची त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मोनिकानं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. एका ठिकाणी भिंतीचा मालक श्रीगोंद्याकडं एका कारखान्याच्या तळावर होता. घरी त्याची आई. तिनं मुलाला फोन लावून दिला आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली, जणू भिंतीचा विषय तिच्या अधिकारातला नव्हता. एका ठिकाणी भिंतच पडली होती, तिथं शेजारची मागून घेतली. एका ठिकाणी दोघा भावांनी घर वाटून घेतलं होतं आणि जाहिरातीतलं नाव एकाच्या वाट्याला आणि नंबर दुसऱ्याच्या वाट्याला आला होता. दोघांचीही परवानगी घ्यावी लागली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

बन्सीचं काम बघायला तिला आवडायला लागलं. तो आधी जुना नंबर चुन्यानं बुजवायचा. मग सुतळी निळीत बुडवून एक टोक तिच्याकडं द्यायचा, दुसरं आपण धरायचा, ताणायचा आणि मधोमध उचलून सोडायचा. भिंतीवर सरळ रेघ उमटायची. दोन रेघांमध्ये तो नंबर लिहायचा. "सांगा ताई," म्हणायचा, आणि मोनिका मोबाईल बघून एकेक आकडा सांगायची. तो देवनागरीतच लिहायचा. इंग्रजी आकडे आपल्या हाताला बसत नाहीत, म्हणायचा.

आठ दिवसांत बावीस भिंती झाल्या. राहिल्या त्या पूर्वेकडच्या अकरा, चापडगाव, कोंभळी आणि त्यापलीकडच्या. तोपर्यंत ऑफिसातली कामं तुंबली होती. परवान्याचे कागद परत आले होते, मीटरसाठी माणूस येऊन गेला होता आणि फोनवर सहादेवला बसवल्यामुळे एक माणूस फिरायला कमी पडत होता. नवव्या दिवशी सकाळी बन्सी आला तेव्हा मोनिकाच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या हातात मीटरचा अर्ज. तिनं एका जुन्या चलनाचा कागद ओढला, त्याच्या मागच्या बाजूला देवनागरीत नंबर लिहिला आणि बन्सीला दिला. "काका, आजपासून तुम्ही एकटे जाल का? सहादेव सोडेल तुम्हाला."

"जातो की," बन्सी म्हणाला. कागदाची घडी करून त्यानं ब्रशच्या डब्यात ठेवली.

पाच दिवसांत त्यानं अकराच्या अकरा भिंती संपवल्या.

पुढचे नऊ दिवस काही बिघडलं आहे असं कुणालाच वाटलं नाही. पश्चिमेकडच्या गावांतून नव्या नंबरवर फोन यायला लागले होते. पूर्वेकडूनही जुन्या फोनवर कुणी कुणी करत होतं, म्हणजे ज्यांच्या मोबाईलमध्ये नंबर होता ते. मोनिका त्यांना नवा नंबर लिहून घ्यायला सांगायची. दिवसभर खोकी भरायची, खोक्यांवर कागद चिकटवायचे. चापडगावच्या बाजूला फिरणारा मुलगा एकदा म्हणाला, "या महिन्यात तिकडं लईच शांत आहे." काढणीमुळं असेल, असं सगळ्यांनी धरलं.

दहाव्या दिवशी हनुमंत आला. कोंभळीचा, सहा गाई असलेला शेतकरी. गाडी स्टँडवर लावली न लावली तोच आत आला आणि उभ्यानंच बोलला. "मोनिकाताई, तुमच्याकडं कोन बाई ठिवलीय फोनला?"

"मीच घेते फोन."

"तुमी न्हाई. म्हातारी बाई हाय. दोन डाव फोन केला. म्हनती, हितं डॉक्टर न्हाई, गावच्या सरकारी दवाखान्यात जा. मला वाटलं तुमी धंदा बंद केला. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर लसीकरनाला गेल्याले. माझी गाय गेली की वाया."

मोनिकानं त्याला बसायला खुर्ची दिली आणि त्याचा मोबाईल मागून घेतला. त्यानं लावलेला नंबर बघितला. सगळे आकडे बरोबर होते, शेवटचा सोडून. शेवटी नऊ आणि एक हवं होतं. तिथं नऊ आणि नऊ होतं.

तिनं सहादेवला फोन करून चापडगावच्या भिंतीचा फोटो पाठवायला सांगितलं. अर्ध्या तासात फोटो आला. बन्सीचे सुबक आकडे, हातभर उंच, शेवटी दोन नऊ.

हनुमंत गेल्यावर तिनं तो चुकीचा नंबर लावला. तिकडून दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"कुठलं गाव?" एका बाईनं विचारलं.

मोनिका गडबडली. "मिरजगाव."

"मिरजगावचा आजून न्हवता आला. गाय कवापासून माजावर हाय?"

"मावशी, माझी गाय नाही. मी त्या पशुसेवेच्या ऑफिसातून बोलतीय. आमचा नंबर भिंतीवर चुकलाय, तुमचा पडलाय."

मग बाई म्हणाली, "घावलात बाई एकदाचे. थांब, चष्मा आन वही घेते."

तिचं नाव छबूबाई. संगमनेरच्या बाजूला प्रवरेकाठच्या एका गावात राहायची. पहिला फोन आला तेव्हा तिनं राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी चार आले. त्यातल्या एकाला तिनं विचारलं, नंबर कुठून घेतला, तर तो म्हणाला, भिंतीवर. "तवाच म्या ओळखलं, पेंटरानं घोळ घातला. पन सांगू कुनाला? दुसरा नंबर कुनाकडंच न्हवता. मग म्हनलं, लिहून तरी ठिवावं. कोनतरी इचारीत येईलच."

नातीच्या जुन्या वहीत तिनं सगळं लिहून ठेवलं होतं. तारीख, गाव, नाव, फोन नंबर, माज कधी दिसला. ती वाचत गेली आणि मोनिका लिहीत गेली. एकोणीस जण. काही नावांपुढं छबूबाईनं स्वतःचा शेराही मारला होता. एकापुढं लिहिलं होतं, माज खरा वाटत नाही, पोटाचं दुखणं असावं. दुसऱ्यापुढं, मानूस घाईचा.

"तुम्हाला माजाचं कसं कळतं?" मोनिकानं विचारलं.

"माझ्या चार गाया हायत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर सकाळी, एवढं मी समद्यांला सांगत हुते. बायका ऐकत्यात. बापये न्हाई ऐकत. त्यांचं एकच, डॉक्टरला द्या. आता संगमनेरावरनं मी डॉक्टर कुठून देऊ?"

मोनिकानं संध्याकाळपर्यंत एकोणीसही जणांना फोन केले. अकरा जणांनी दुसरीकडून गाय भरून घेतली होती. तिघांनी फोन उचलला नाही. पाच जणांचा माज हुकला होता, त्यात हनुमंत एक. त्या पाच जणांना तिनं पुढच्या वेळी आपण होऊन फोन करायचं कबूल केलं आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या. ते कॅलेंडर खोक्यात भरलं होतं, ते पुन्हा बाहेर काढून टांगलं.

डॉक्टर दौऱ्यावरून आल्यावर तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईलाच विचार ना, नंबर देतात का आपल्याला. नवीन सिम आपण घेऊन देऊ, जे काय असेल ते देऊ. म्हणजे भिंतींचा प्रश्नच मिटला."

मोनिकाला ते पटलं नाही, पण तिनं विचारलं. छबूबाईनं एका वाक्यात नाही म्हणून सांगितलं आणि मग कारणही दिलं. डेअरीत दूध घातलं की किती लिटर, किती फॅट, याचा मेसेज याच नंबरवर येतो. बँकेला हाच नंबर. गॅसला हाच. मुलगी नाशिकला, तिच्या सासूलाही हाच पाठ. "ह्या नंबरावर माझं समदं लागलंय. तुमचं एका भिंतीवर चुकलं म्हनून मी माझं समदं बदलू का?"

"नका बदलू," मोनिका म्हणाली. "अकरा भिंती आहेत."

"अकरा? मग तर न्हाईच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बन्सीला बोलावलं. तो दाराशीच उभा राहिला. डॉक्टर आवाज चढवणारे नव्हते, पण जेव्हा चिडायचे तेव्हा समोरच्याकडं बघायचे नाहीत. टेबलावरच्या कागदांकडं बघत ते म्हणाले, "बन्सी, दोन आकडे बघून लिहिता येत नाहीत? लोकांच्या गाई वाया गेल्या. डोळे तपासून घे आधी. आणि अकराही भिंती पुन्हा कर. तुझ्या रंगानं."

"व्हय," बन्सी म्हणाला.

"व्हय काय?"

"करतो."

मोनिका खोक्यावर कागद चिकटवत होती. नंबर लिहून दिला तो आपण, हे तिला माहीत होतं. कानाला फोन होता, उभ्यानं लिहिलं होतं, एवढं आठवत होतं. आकडे कसे काढले होते ते मात्र आठवत नव्हतं. आठवत नाही याचंच तिला त्या वेळी बरं वाटलं. ती काही बोलली नाही. बन्सी गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तू त्याला नंबर नीट सांगितला होतास ना?" ती म्हणाली, "लिहून दिला होता." हे खोटं नव्हतं. तरीही दुपारी डबा उघडल्यावर तिला भूक नव्हती, आणि डबा तसाच बंद करून तिनं रजिस्टरं बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न सांगताच स्कूटी घेऊन बन्सीच्या घरी गेली. तो सायकलला बादली अडकवत होता. "चला काका, मी येते," ती म्हणाली. तो मागं बसला.

चापडगावची भिंत दूध संकलनाच्या खोलीची होती. बन्सीनं शेवटच्या आकड्यावर चुना फिरवला आणि तो वाळेपर्यंत सावलीत बसला. ब्रशचा डबा उघडला तेव्हा ब्रशांच्या खाली तिला आपला कागद दिसला. जुन्या चलनाचा, घडी घातलेला. तिनं हात घालून तो काढला. बन्सीनं बघितलं, पण अडवलं नाही.

घडी उलगडून तिनं वाचलं. पहिले आठ आकडे ठीक होते. शेवटचे दोन तिनं एकाच झटक्यात काढले होते, आणि दोन्ही एकसारखे दिसत होते. तिला स्वतःला माहीत होतं म्हणून तिनं ते नऊ आणि एक असे वाचले. दुसऱ्या कुणीही दोन्ही नऊच वाचले असते.

"हा तुमच्याकडं होता," ती म्हणाली.

"हुता की."

"मग काल डॉक्टरांना का नाही दाखवला?"

बन्सीनं चुन्याला बोट लावून वाळलाय का बघितलं. "दाखवून काय हुतं? भिंत मलाच पुसायची." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आन माझंबी चुकलं. बावीस भिंती तुमच्या तोंडून ऐकून लिवल्या हुत्या. शेवटला एक हाय, असं मनात आलं हुतं. पन कागदावर नऊ दिसला. कागद खरा धरला. एक फोन केला असता तर भागलं असतं. पन तुमी लई गडबडीत हुता."

मोनिकानं सुतळी निळीत बुडवली, एक टोक त्याला दिलं आणि दुसरं धरून भिंतीपाशी उभी राहिली. त्यानं रेघ मारली.

"सांगा ताई," तो म्हणाला.

"एक," ती म्हणाली.

त्या दिवशी चार भिंती झाल्या. परत आल्यावर ती तशीच, हाताला निळीचे डाग घेऊन, डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"मी बन्सीकाकांना लिहून दिलेला नंबर. त्यांनी जसा दिसला तसा लिहिला. चूक माझी आहे. काल मी बोलले नाही, तीही."

डॉक्टरांनी चष्मा वर सारून कागद जवळ धरला, मग लांब धरला. "हे शेवटी काय आहे?"

"नऊ-एक."

"मला तर दोन्ही सात वाटतात," ते म्हणाले. कागद परत देऊन खुर्चीला टेकले. "मी त्याला डोळ्यांवरून बोललो."

"हो."

"आता कुठं असेल तो?"

"घरी सोडून आले."

डॉक्टर उठले, गाडीची किल्ली घेतली आणि गेले. तिकडं काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मोनिकानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बन्सी म्हणाला, "डॉक्टर आल्ते. रंगाचे दोन डबे ठिवून गेले. चहा घेतला." एवढंच.

दहा भिंती आठवड्यात दुरुस्त झाल्या. अकरावी, कोंभळीत गावाच्या टोकाला एका गोठ्याची, तशीच राहिली. बन्सी आणि मोनिका तिथं पोचले तेव्हा भिंत दिसतच नव्हती. मालकानं ज्वारीच्या कडब्याची गंजी नेमकी त्या भिंतीला लावली होती, छपरापर्यंत.

"दोन पेंढ्या बाजूला घेता येतील का, शेवटच्या आकड्यापुरत्या?" मोनिकानं विचारलं.

मालकानं गंजीकडं बघितलं. "शेवटचा आकडा लई खाली हाय, बाई. त्या बुडाच्या पेंढ्या काढल्या तर समदी गंजी अंगावर येईल. रचायला दोन दिवस गेलेत." मग त्यानं हिशेब करून सांगितलं, "जेठापर्यंत संपंल कडबा. तवा या."

अठ्ठावीस मार्चला ऑफिस हललं. कंटेनर आदल्या दिवशी भरून घेतले होते. पिकअपमध्ये ते उभे करून, चारी बाजूंनी गाद्या लावून, दोरांनी आवळले. सहादेव मागं दोन्ही कंटेनरांच्या मध्ये बसला आणि चार किलोमीटर ड्रायव्हरला दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ दिलं नाही. मागं ट्रकांनी हॉर्न वाजवले, त्यानं फक्त हात वर केला. लसी बर्फाच्या डब्यांत. रजिस्टरं मोनिकानं स्वतःच्या स्कूटीवर आणली. जुन्या खोलीतला फोन तिनं शेवटी काढला. त्यावर शेवटचा फोन माहिजळगावचा होता. नवा नंबर त्या माणसाकडं आधीच होता, पण बोट सवयीनं जुन्यावरच गेलं, असं तो म्हणाला.

नव्या खोलीत अजून पंखा लावायचा होता. मोनिका खोक्यावर बसून फोन घेत होती. दुपारपर्यंत सात आले. आठवा छबूबाईचा होता. तिच्याकडं आता मोनिकाचा नंबर होता आणि चुकून येणारे फोन ती रोज संध्याकाळी एकदम सांगायची.

"आज एकच हाय," ती म्हणाली. "चापडगावची बाई. म्हनती, भिंतीवरचा न्हाई, म्या आधीच वहीत उतरून घेतला हुता. तिला तुमचा खरा नंबर दिलाय. लावील ती."

"लावला तिनं. सहादेव गेलाय."

"बरं झालं. पोचलं का सामान समदं?"

"पोचलं मावशी. पंखा राहिलाय." मोनिकानं जरा थांबून सांगितलं, "आणि एक भिंत राहिलीय. तिच्यापुढं कडब्याची गंजी आहे. आत्ता कुणाला दिसत नाही, पण जेठात कडबा संपेल तसा नंबर उघडा पडेल. आम्ही आधी जाऊन येऊच. पण एखादा फोन आलाच तर…"

"येऊ दे," छबूबाई म्हणाली. "वहीत आजून पानं हायेत. बरं, तुझा डॉक्टर हाय का तिथं? माझी मधली गाय तीन डाव भरली, तिन्ही डाव उलटली, गाभ ऱ्हाईनाच. त्याला इचारायचं हुतं."

डॉक्टर शेडमध्ये कंटेनरची पातळी बघत होते. मोनिकानं फोन त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी एका हातानं झाकण लावलं, उलट्या बादलीवर बसले आणि विचारलं, "वेत कितवं?" मग अर्धा तास ते तिथंच बसून बोलत होते, आणि मोनिकाला फोन परत मिळेपर्यंत दोन मिस्ड कॉल पडले होते. तिनं दोन्ही लावले. एक गाय होती, एक म्हैस.